शेपटाकडचा चेअरमन

“या दगडावरनं उठायचं न्हाई. काय बी होऊ दे, कुणी बी येऊ दे. धुणं धूत ऱ्हायचं,” आमचे हे म्हणाले. राजदूत फटफटी त्यांनी चालूच ठेवली होती, आणि मान सारखी खालच्या अंगाला वळत होती.

“धुणं झालंय की. पिळायचंच तेवढं ऱ्हायलंय.”

“मग परत भिजीव!”

एवढं बोलून त्यांनी गाडी बंद केली आणि ते उसात शिरले. वैशाखातली भर दुपार होती, कुत्रीसुद्धा सावली धरून पडली होती. अशा उन्हात धुतलेलं लुगडं परत धुवायला सांगणारा नवरा माझ्या माहेरात तरी कुणी पाहिला नव्हता. पण लग्न होऊन पुरती दोन वर्षंही झाली नव्हती. नवऱ्याला ‘का’ विचारायची हिंमत माझ्या अंगात अजून यायची होती. मी डोक्यावरचा पदर सारखा केला आणि लुगडं पुन्हा चारीत बुडवलं.

आमचं घर चारीच्या तोंडाशी. कॅनॉलचं पाणी फाट्यातून चारीत उतरलं की पहिल्यांदा आमच्या परसामागून जायचं, मग खाली सगळ्या वाघजाईवाडीचं रान भिजवत शेवटाला पोचायचं, म्हणजे पोचलं तर पोचायचं. तोंडाकडच्या रानात ऊस आणि शेपटाकडच्या रानात कुसळं, असा आमच्या गावचा जुना हिशेब होता. मी धुणं धुवायची तो काळा सपाट दगड चारीच्या काठालाच होता. त्याच्या खालून कसलासा गुळगुळ आवाज यायचा. नवी असताना मी सासूबाईंना विचारलं, “आत्याबाई, दगडाखाली काय वाजतंय?” त्या म्हणाल्या, “बेडूक असंल,” आणि लसूण सोलायला लागल्या. मी काही दुधखुळी नव्हते. चारीला पाणी आलं की हा बेडूक बोलायचा, आणि त्याच दिवसांत काठच्या उसाला कुणी दारं न धरताही ओल यायची. पण सुनेनं बेडूक म्हणजे बेडूकच म्हणायचं असतं.

आता त्या दुपारी काय चाललं होतं ते सांगते.

आमच्या गावात पाणीवाटपाची सहकारी संस्था होती. ती काढली मुळीक गुरुजींनी. आधी पाणी सरकारचं होतं, म्हणजे ज्याच्या हाती ससा तो पारधी. गुरुजींनी घरोघर फिरून सगळ्यांना सभासद करून घेतलं आणि दोन नियम घातले. पहिला, पाणी शेपटापासून द्यायचं. शेवटचं रान भिजलं की त्याच्या वरचं, मग त्याच्या वरचं. दुसरा नियम असा, की चारीवर ज्याचं शेत सगळ्यात शेवटी, तोच संस्थेचा चेअरमन. लोक हसले तेव्हा गुरुजी म्हणाले होते म्हणे, “जत्रंच्या जेवणात वाढपी कुठल्या पंगतीला बसतो? शेवटच्या. कढईत काय उरलं ते त्यालाच कळतं. चेअरमन म्हंजे वाढपी.”

हा दुसरा नियम आमच्या मामंजींच्या घशात हाडकासारखा अडकला होता. मामंजी म्हणजे माझे सासरे, रंगराव थोरवत. सोसायटीत होते, दूधसंघात होते, देवळाच्या पंचात होते. लग्नपत्रिकेवर त्यांचं नाव नसलं तर नवरदेवाला वाईट वाटायचं. पण पाण्याच्या संस्थेचं चेअरमनपद काही त्यांना मिळेना, कारण शेत पडलं तोंडाशी. गुरुजी गेले. शेवटच्या शेताचे बाबर चेअरमन म्हातारे झाले आणि त्यांनी पुण्याला लेकाकडे राहायला जायचं ठरवलं. त्यांचं शेत विकायला निघाल्याची कुणकुण लागायचा अवकाश, मामंजींनी ते वीस गुंठे घेतले. खडकाळ, मुरमाड, बांधावर बाभळी. सासूबाई म्हणाल्या, “तिथं काय पिकणार?” मामंजी म्हणाले, “चेअरमन!”

गाव सर्द झालं. कुणी म्हणालं, कुंपणच शेत खाणार आता. कुणी म्हणालं, संस्था बुडाली, गुरुजींचा फोटो तेवढा काढून घरी न्या. सगळ्यात जास्त कावल्या त्या भागाबाई. त्यांचं दीड एकर आमच्या नव्या वीस गुंठ्यांना लागूनच वर होतं. नवरा लवकर गेलेला, दोन लेकी, आणि जे काय पोट भरायचं ते त्या दीड एकरावर. सभेत उभ्या राहून त्या म्हणाल्या, “रंगराव, तोंडबी तुझं आणि शेपूटबी तुझं. मग आमी मधल्यांनी काय उन्हाळभर सापाकडं बघत बसायचं?” सभा खदखदून हसली, पण नियमात बसत होतं, कुणाला काही करता येईना. मामंजी बिनविरोध चेअरमन झाले आणि घरी येऊन त्यांनी दोन दिवस कोट उतरवला नाही.

नियमात आणखी एक मेख होती. शेवटचं शेत नुसतं नावावर असून भागायचं नाही, त्यात पीक उभं पाहिजे. म्हणून मामंजींनी तिथं उन्हाळी भुईमूग टाकला. आधी गडी पाठवला. मग गडी म्हणाला, पाणी येईना. मग मामंजी स्वतः गेले. रंगराव थोरवताचं पीक आजवर कधी वाळलं नव्हतं, आणि इथं गावच्या डोळ्यांदेखत भुईमूग माना टाकायला लागला. भागाबाई बांधावरून म्हणायच्या, “चेअरमनसाहेब, जरा ठराव करा की. म्हणावं भुईमुगानं उभं ऱ्हावं.”

मामंजींचं जेवण तुटलं. ताटावर बसले की विचारायचे, “वर पाळी बंद हाय ना? मग खाली पाणी का येत न्हाई?” आमचे हे मान खाली घालून भाकरी मोडायचे. एकदा म्हणाले, “अण्णा, चारी फुटकी हाय. पाझरतं.” मामंजी त्यांच्याकडे बघत राहिले आणि हात धुवून उठले.

आणि त्या दुपारी त्यांनी खोरं उचललं. धोतर गुडघ्यावर खोचून शेपटाला चारीत उतरले, आणि पाण्यातून वर चालायला लागले. पाण्याच्या उलट. आज शेपटाची पाळी, वरची सगळी दारं बंद असायला हवीत, तर मग पाणी कोण पितंय ते एकेक करून बघणार होते. ही खबर ऐकूनच आमचे हे राजदूत पळवत आले होते.

आधी मला लांबून गलका ऐकू आला, मग माणसं दिसली. पुढे मामंजी, शेजारी पाणी मोजायची काठी घेतलेले संस्थेचे पाटकरी इमामभाई, मागे भागाबाई आणि त्यांच्या मागे निम्मी वाघजाईवाडी. हे एवढे लोक कसे जमले ते मला नंतर कळलं. खालच्या जोतीरामच्या शेताच्या दारात पोतं कोंबलेलं होतं, पण असं बेतानं की निम्मं पाणी आत जावं. मामंजींनी त्याला आईबापावरून शिव्या दिल्या आणि दार चिखलानं लिंपलं. जोतीराम ओशाळला, पण घरी जायचं सोडून खोरं घेऊन तोही मागे निघाला, “आता वरच्याचं बघू या” म्हणत. वरच्यानं बांधाला भोक पाडलेलं निघालं. तोही शिव्या खाऊन मागे लागला. त्याच्या वरच्यानं मोटरच सोडली होती. ज्याची चोरी सापडे त्याला दुसऱ्याची बघायची घाई. अशी ती वरात वाढत वाढत आमच्या परसापाशी आली.

वर आता एकच शेत उरलं होतं.

बाईमाणूस धुणं धूत असलं की आमच्याकडे पुरुष त्या काठाला फिरकत नाहीत. वळसा घालून जातात. वरात मला बघून थबकली. काहीजणांनी माना फिरवल्या. यांनी मला त्या दगडावर कशाला बसवलं होतं ते मला तेव्हा लख्ख कळलं. मी साबणाची वडी घासतच राहिले.

हे उसातून बाहेर आले, जणू आत्ताच कळल्यासारखे. “अण्णा, कशाला उन्हातान्हाचं? बाईमाणूस बसलंय हितं. चला, सावलीला चला, च्या घ्या समद्यांनी.”

“इमाम, काठी घाल,” मामंजी म्हणाले.

इमामभाईंनी माझ्याकडे न बघता दगडाच्या वरच्या अंगाला चारीत काठी उभी केली आणि बाहेर काढली. ओल चांगली वितीच्या वर आली होती. मग वळसा घालून ते दगडाच्या खालच्या अंगाला आले, पुन्हा काठी घातली. ओल चार बोटं खाली. त्यांनी काठी तशीच धरून ठेवली. ओल सगळ्यांना दिसत होती.

सगळ्यांचे डोळे मामंजींवर, मामंजींचे दगडावर. आणि त्या शांततेत खालून आवाज यायला लागला. गुळगुळ, गुळगुळ.

“सूनबाई,” मामंजी म्हणाले. चारचौघांत सुनेशी बोलायची त्यांची रीत नव्हती. “दगडाखाली काय वाजतंय?”

यांनी माझ्याकडे पाहिलं. त्या नजरेत राग नव्हता, खरं सांगते. काकुळत होती. तीन एकर ऊस त्यांनी लेकरासारखा वाढवला होता आणि दगड हलला की तो होरपळणार होता. ‘बेडूक’ एवढं म्हणायचा अवकाश, सगळं निभावलं असतं. सासरच्या अब्रूवर सुनेनं पदर घालायचा, हेच शिकून मी आले होते. पण पलीकडच्या काठावर भागाबाई उभ्या होत्या. उन्हानं तोंड काळं ठिक्कर पडलेलं, पायात चिखल. त्या माझ्याकडे बघतसुद्धा नव्हत्या. ही थोरवताची सून काय बोलणार हे त्यांनी धरूनच ठेवलं होतं. ते मला फार लागलं.

मी उठले. दगडावरून बाजूला झाले.

“मामंजी, पानी वाजतंय,” मी म्हटलं. “मी लगीन होऊन आले तवापासनं वाजतंय.”

मामंजींनी खोऱ्याचा दांडा दगडाखाली घातला. जोतीरामनं हात लावला, दगड कलंडला. खाली सिमेंटचा पाइप होता, वीतभर रुंद तोंडाचा, शेवाळानं हिरवागार झालेला, आणि चारीचं पाणी त्यात घटाघटा जात होतं. नवा नव्हता. संस्था निघायच्याही आधीचा, सगळं गाव चोऱ्या करायचं तेव्हाचा होता. आणि तो ज्यांनी पुरला ते हातात खोरं घेऊन समोरच उभे होते. त्यांच्या तोंडावरचा रंग उडाला. अख्ख्या चारीला आईबापावरून शिव्या देत आलेला माणूस, त्यानं खोरं खाली ठेवलं.

“मग रंगराव?” भागाबाई म्हणाल्या. “आता कुणाला शिव्या देणार?”

“मला,” मामंजी म्हणाले. “पन माझ्या तोंडानं त्या बऱ्या दिसायच्या न्हाईत. तू दे.”

भागाबाईंनी कितीतरी उन्हाळे साठवलेलं होतं. त्यांनी पदर खोचला आणि ज्या काही सुरू झाल्या, की इमामभाईंनी कानांवर हात ठेवले. मामंजी ऐकत होते, मधेच मान डोलवत होते. शिव्या संपल्या तसा त्यांनी डोक्याचा पटका सोडला, भिजवला, त्याचा बोळा केला आणि गुडघ्यावर बसून पाइपाच्या तोंडात कोंबला. वरून चिखल थापला. बोडक्या डोक्यानं उठले. त्यांचं टक्कल गावानं पहिल्यांदाच पाहिलं असेल.

“चेअरमनपद सोडलं,” ते म्हणाले. “दुसरा बघा.”

“दुसरा कशाला?” भागाबाई म्हणाल्या. “चोराच्या वाटा चोराला ठावं. तूच ऱ्हा. पर आता भुईमूग काढायला स्वतः यायचं, गडी धाडायचा न्हाई.”

तेव्हा कुठे लोक हसले. मामंजीही हसले, पण त्यांचे डोळे भरले होते. सगळी वरात पुन्हा खाली निघाली, पाण्याबरोबर. मला जाता आलं नाही. पण जाऊन आलेल्या बायकांनी सांगितलं, ऊन उतरायच्या सुमाराला चारी शेपटाला भरून आली आणि भागाबाईंच्या लेकी सरीत बसून नुसत्या पाणी उडवत होत्या.

घरी मात्र चूल पेटली आणि माणसं विझली. हे माझ्याशी बोलेनात. सासूबाईंनी माझ्यापुढे भाकरी ठेवली ती आदळलीच. उद्या सकाळच्या एसटीनं आपल्याला माहेरी पोचवणार अशी माझी खात्री झाली होती. मामंजी ओसरीवरून मोठ्यानं म्हणाले, “तिला कुणी उणंदुणं बोललं तर मी शेपटाला खोपी बांधून ऱ्हाईन. पानी आता तिथंबी येतंय.” यांचा ऊस त्या साली खुरटला आणि यांचा अबोला दिवाळीपर्यंत चालला.

आता ती मातीची चारी राहिली नाही. सिमेंटची झाली, पाणी मापून येतं, धुण्याचा दगड कुठे गेला ते कुणालाच माहीत नाही. पण चारीला पाणी सुटलं की ओल्या मातीचा जो वास सुटायचा, तो मला अजून झोपेतही येतो. शेजारच्या गावांच्या संस्था पाटीपुरत्या उरल्या. आमची चालली. मामंजी पुष्कळ वर्षं चेअरमन होते आणि दर पाळीला शेपटाला उतरून वर चालत यायचे. पुढे त्यांचे गुडघे गेले.

एकदा त्यांच्या पायांना तेल लावताना मी विचारलंच, “मामंजी, त्या दिवशी पाइपाचं तुमच्या ध्यानात होतं का हो?”

त्यांनी गुडघा चोळला. मग म्हणाले, “वरनं कधी दिसलाच न्हाई, पोरी. खालनं चालत आलो तवा दिसला.”

त्याच साली त्यांनी ते वीस गुंठे तलाठ्याकडे जाऊन एका नावावर केले. आम्हाला वाटलं, यांच्या. सभेच्या दिवशी सेक्रेटरीनं उतारा वाचला आणि सभेतल्या पुरुषांच्या माना एकदम दारात बसलेल्या बायकांकडे वळल्या. इंदूबाई थोरवत. म्हणजे मी. कुणीतरी म्हणालं, बाई चेअरमन? भागाबाई आता काठी टेकत यायच्या, त्या म्हणाल्या, “का? त्या दिवशी समद्या बाप्यांत बोलली कोन?” आणि विषय तिथंच मिटला. हे उठून बाहेर गेले. परत आले तेव्हा त्यांच्या हातात पेढ्यांचा पुडा होता.

चेअरमन म्हणून पाण्याची माझी पहिली पाळी. शेपटाला पाणी चालू होतं, वरची दारं बंद. मी खालून चालत चालत तोंडाशी आले, तर मामंजी परसात खुर्ची टाकून बसलेले. आदल्या आठवड्यात त्यांनी हौसेनं अळूची गड्डी लावली होती.

“चेअरमनबाई,” ते हळूच म्हणाले, “आळूला कळशीभर घेऊ का गं चारीतलं? कोन बघतंय?”

थकलेला माणूस. त्यानं मला सगळं दिलं होतं, आणि मागत काय होता, तर कळशीभर पाणी.

“तुमची पाळी बेस्तरवारी हाय, मामंजी,” मी म्हटलं. “आज घरातल्या हंड्यातलं घाला.”

त्यांनी माझ्याकडे बघितलं. मग घरात बसलेल्या माझ्या नवऱ्याला अशी हाळी दिली की पार खालच्या जोतीरामलाही ऐकू गेली असेल.

“ऐकलंस का रं? मला न्हाई म्हनाली!”

एवढ्या खुशीत मी त्यांना त्यांच्या बिनविरोध निवडीच्या दिवशीही पाहिलं नव्हतं.